घर हीच पहिली शाळा : गणित, विज्ञान आणि आपला विश्वास

(पालकांसाठी अभ्यासपाठ)



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत आलो, तेव्हा आपल्या धर्मग्रामातील एक माता दाराशी थांबली होती. हातात एक जाडजूड रंगीत पुस्तक होते. अमेरिकेत राहणाऱ्या तिच्या बहिणीने ते पाठवले होते. ही बहीण आपल्या दोन्ही मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवते आणि हे त्या मुलांचे विज्ञानाचे पाठ्यपुस्तक. प्रत्येक धड्याच्या आरंभी बायबलमधील एक वचन, शेवटी एक प्रार्थना. त्या मातेने विचारले, "फादर, माझ्या मुलीलाही शाळेतून काढून घरी असंच शिकवू का?"

"ताई, काढावंसं का वाटतं?" आम्ही विचारले.

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "ती सातवीत आहे. परवा रात्री जपमाळ झाल्यावर मला म्हणाली, मम्मी, शाळेत टीचर सांगतात पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची आहे. धर्मशिक्षणात सांगतात देवानं सहा दिवसांत सगळं केलं. दोघांपैकी खोटं कोण बोलतं? मी तिला म्हटलं, उशीर झाला, झोप आता. ती झोपली, फादर. मला मात्र झोप लागली नाही."

आम्ही पुस्तक चाळले. छपाई सुंदर, चित्रे सुरेख. पृथ्वीच्या धड्यात लिहिले होते की, आपली पृथ्वी सुमारे सहा हजार वर्षांची आहे व जो याहून वेगळे सांगतो तो देवशब्द नाकारतो. आम्ही त्या मातेकडे एक आठवड्याची मुदत मागितली. पुढच्या रविवारी तिला जे सांगितले, तेच आज थोडे विस्ताराने येथे मांडत आहोत. कारण हा प्रश्न एकाच घरातला नाही.

१. घरची शाळा : हक्क आणि जबाबदारी

मुलांना घरी शिकवण्याची चळवळ अमेरिकेत मोठी आहे. १९९३ पर्यंत तेथील पन्नासही राज्यांत असे शिक्षण कायदेशीर ठरले होते. त्यामागे एक जुना खटला आहे आणि त्यात आपल्या धर्मभगिनींचा वाटा आहे. १९२२ साली ऑरेगन राज्याने कायदा केला की, ८ ते १६ वयाच्या मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे. कॅथोलिक शाळा चालवणाऱ्या सिस्टरांनी त्याविरुद्ध दाद मागितली. १९२५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. मूल केवळ सरकारचे नसते, त्याला घडवण्याचा हक्क व कर्तव्य आईवडिलांचे असते, असा त्या निकालाचा आशय होता.

ख्रिस्तसभेचीही हीच शिकवण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जाहीरनामा काढला. त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक असल्याचे स्पष्ट सांगितले आहे. शाळा मदतनीस आहे, धर्मग्राम मदतनीस आहे. परंतु पहिली जबाबदारी घराची.

मग शाळा सोडावी का? आपल्या देशात ६ ते १४ वयोगटासाठी मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळेबाहेर शिकणाऱ्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावी-बारावीची परीक्षा देता येते. आजारपण किंवा दुसऱ्या काही अडचणीमुळे काही कुटुंबे तो मार्ग घेतात आणि निष्ठेने पार पाडतात. त्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे. परंतु केवळ मुलीच्या एका प्रश्नाची भीती वाटली म्हणून तिला शाळेतून काढणे, हे आम्हांला योग्य वाटले नाही. प्रश्न शाळेच्या दप्तरातून घरी आला होता हे खरे. पण दप्तर काढून घेतल्याने प्रश्न जात नाही.

तरीही त्या मातेच्या मनात एक गोष्ट अगदी खरी होती. विज्ञान व गणित शिकवताना आपलाही काही वाटा असावा, असे तिला वाटत होते. २०२० च्या टाळेबंदीत आपली सर्वांचीच घरे शाळा झाली होती. त्या वेळी कित्येक पालकांना प्रथमच कळले की, आपले मूल भागाकारात कुठे अडते. शाळा पुन्हा उघडल्या आणि आपण सुटकेचा श्वास सोडला! आमचे म्हणणे असे की, शाळा चालू ठेवा आणि संध्याकाळची घरची शाळाही चालू ठेवा. ती कशी चालवावी, ते पाहू या.

२. वचन चिकटवल्याने गणित ख्रिस्ती होत नाही

जपमाळेत पाच दशके, प्रत्येक दशकात दहा मणी, तर दशकांचे मणी किती? उत्तर पन्नास. आंब्याच्या पाच पेट्या, प्रत्येकीत दहा आंबे, तरी उत्तर पन्नासच. पहिले उदाहरण दुसऱ्याहून अधिक ख्रिस्ती आहे असे समजण्याचे कारण नाही. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सर्वांचा गुणाकार एकच असतो आणि त्यात आपल्या विश्वासाला कमीपणा नाही, उलट गौरव आहे. जे सत्य आहे ते सर्वांसाठी सत्य असते, कारण सर्वांचा निर्माता एक आहे.

शलमोनाच्या ज्ञानग्रंथात (११:२०) सांगितले आहे की, देवाने आपल्या कृतीत माप, संख्या व वजन यांची व्यवस्था ठेवली आहे. सृष्टी हा गोंधळ नाही. तिच्यात मोजता येण्याजोगी सुसंगती आहे. म्हणून जो मनुष्य प्रामाणिकपणे मोजतो, तो नकळत देवाच्या हस्ताक्षराचा अभ्यास करीत असतो. गणित ख्रिस्ती दृष्टीने शिकवायचे म्हणजे ते खरेपणाने, श्रमाने व आनंदाने शिकवायचे.

याचे एक उदाहरण आपल्या धार्मिक वर्षातच आहे.

३. ईस्टर, चंद्र आणि भरतीचे पाणी

नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरला येतो. ईस्टर मात्र कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये. का बरे? हे मुलांना विचारून पाहा. नियम असा : २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमा ख्रिस्तसभेच्या ठरलेल्या कोष्टकावरून काढतात, त्यामुळे आकाशातल्या पौर्णिमेशी कधी एक-दोन दिवसांचा फरक पडतो. २०२४ साली २५ मार्च रोजी धूलिवंदन होते, म्हणजे पौर्णिमा. तो आपल्या पवित्र सप्ताहातील सोमवार होता आणि पुढच्या रविवारी, ३१ मार्चला, ईस्टर आला.

आता दशांश अपूर्णांक घ्या. पृथ्वीचे वर्ष सुमारे ३६५.२४२२ दिवसांचे असते. जुन्या रोमी पंचांगात दर चार वर्षांनी लीप वर्ष घेत, म्हणजे वर्ष ३६५.२५ दिवसांचे धरत. फरक ०.००७८ दिवस. दिसायला क्षुल्लक, सुमारे ११ मिनिटे. परंतु इ.स. ३२५ च्या निसिया विश्वपरिषदेपासून १५८२ पर्यंत १२५७ वर्षे झाली. १२५७ ला ०.००७८ ने गुणा. उत्तर येते ९.८, म्हणजे जवळजवळ दहा दिवस. वसंतातला समरात्रीचा दिवस २१ मार्चवरून सरकत ११ मार्चवर आला होता. ईस्टरचा हिशेब चुकत होता.

पोपमहोदय तेरावे ग्रेगरी यांनी ही चूक दुरुस्त करवून घेतली. लिलिअस नावाच्या इटालियन वैद्याने युक्ती सुचवली आणि येशूसंघीय धर्मगुरू क्लाव्हिअस यांनी तिचे गणित सविस्तर मांडले. १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर मानण्यात आला. आविलाच्या संत तेरेझा नेमक्या त्याच रात्री ख्रिस्तवासी झाल्या. म्हणून त्यांचा सण १५ ऑक्टोबरला येतो. पुढे चूक होऊ नये यासाठी काय करायचे? ४०० ला ०.००७८ ने गुणा : ३.१२. म्हणजे चारशे वर्षांत तीन लीप वर्षे गाळायची. म्हणून १७००, १८०० व १९०० ही लीप वर्षे नव्हती, पण २००० होते. आज साऱ्या जगाच्या भिंतीवर टांगलेले कॅलेंडर ईस्टरचा दिवस नीट सापडावा या तळमळीतून दुरुस्त झाले, हे किती मुलांना ठाऊक आहे?

आता आपल्या किनाऱ्यावर या. आपले कोळी बांधव तिथीवरून भरतीची वेळ सांगतात. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. घरातल्या आजोबांना पाऊणकी पाठ असेल तर नातवंडांना त्यांच्याजवळ बसवा. मग पुढचा प्रश्न विचारा : पाऊणच का? चंद्राचा फेरा तीस तिथींचा. दिवसाची १४४० मिनिटे तिसांनी भागली की ४८ मिनिटे येतात. म्हणजे दर तिथीला भरती सुमारे ४८ मिनिटे उशिरा येते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तोंडी हिशेबाला सोपा. पण पौर्णिमेपर्यंत या तीन-तीन मिनिटांचे ४५ मिनिटे होतात. पाऊणकीने पौर्णिमेची भरती सव्वाअकराला, अठ्ठेचाळिसाच्या हिशेबाने बाराला. खरे कोणते? कोणत्याही पुस्तकाला विचारू नका. मोठ्या माणसासोबत धक्क्यावर जा आणि घड्याळ लावून पाहा. वाऱ्यामुळे, किनाऱ्याच्या आकारामुळे थोडा फरक पडेलच. तोही लिहून ठेवा.

हाच धागा धरून एखादे चौकस मूल विचारील, "प्रभू येशू क्रुसावर असताना अंधार पडला, ते सूर्यग्रहण होते का?" उत्तर द्या की, वल्हांडण पौर्णिमेच्या सुमारास असते आणि सूर्यग्रहण अमावस्येलाच होते; तेव्हा ते नेहमीचे ग्रहण असू शकत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीही सातशे वर्षांपूर्वी या प्रश्नाचा विचार केला होता. पवित्र शास्त्र वाचताना ज्योतिर्गणित विसरावे, असे त्यांना वाटले नाही.

४. सहा दिवस आणि साडेचार अब्ज वर्षे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खोटे कोण बोलते? कोणीच नाही.

सहा हजार वर्षांचा हिशेब आला कोठून? १६५० साली आयर्लंडचे अँग्लिकन आर्चबिशप अशर यांनी बायबलमधील वंशावळ्या व राजांच्या कारकिर्दी जुळवून सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये झाला असे काढले. ते विद्वान होते, त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु त्यांचा आकडा हा विश्वासाचा सिद्धान्त नव्हे आणि कॅथोलिक ख्रिस्तसभा तो मानण्यास कोणास सांगत नाही.

उत्पत्तीचा पहिला अध्याय मुलांसोबत सावकाश वाचा. पहिल्या दिवशी संध्याकाळ व सकाळ झाली असे लिहिले आहे. सूर्य केव्हा निर्माण झाला? चौथ्या दिवशी. सूर्याशिवाय तीन संध्याकाळी व तीन सकाळी! लिहिणाऱ्याला हे कळत नव्हते काय? त्याला चांगले कळत होते. तो घड्याळाचा तास सांगत नव्हता. सूर्य-चंद्रांना देव मानून पूजणाऱ्या लोकांच्या शेजारी राहून तो सांगत होता की, सूर्य देव नाही, तो देवाने लावलेला दिवा आहे. आणि जे काही आहे ते एका प्रेमळ देवाच्या इच्छेने आहे व चांगले आहे.

हा अर्थ आधुनिक विज्ञानाच्या भीतीने शोधून काढलेला नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टिन यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावर मोठा ग्रंथ लिहिला आणि हे दिवस आपल्यासारखे दिवस नसावेत अशी चर्चा केली. त्याच ग्रंथात त्यांनी एक इशारा दिला. पृथ्वी, आकाश, तारे यांविषयी अख्रिस्ती माणसालाही अनुभवाने व बुद्धीने पुष्कळ कळते. त्याच्यापुढे एखादा ख्रिस्ती माणूस बायबलचा हवाला देऊन या बाबतीत भलतेच बोलला, तर ऐकणारा हसतो आणि पुनरुत्थानाविषयी व सार्वकालिक जीवनाविषयी त्याच बायबलवर विश्वास कसा ठेवील? सोळाशे वर्षांपूर्वीचा हा इशारा आज प्रत्येक पालकाने ध्यानात घ्यावा.

भूस्तरांचा अभ्यास ज्यांनी पायावर उभा केला, ते डेन्मार्कचे निकोलस स्टेनो कॅथोलिक झाले, धर्मगुरू व पुढे बिशप झाले. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा नियम त्यांनी १६६९ साली मांडला. १९८८ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले. आपल्याकडे विहीर खणताना हे थर दिसतात : माती, मुरूम, मग काळा पाषाण. तुंगारेश्वरपासून सह्याद्रीपर्यंतचा हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. हे सांगताना आपला आवाज कापू नये.

उत्क्रांतीविषयीही असेच. पोपमहोदय बारावे पायस यांनी १९५० साली मानवी देहाच्या उगमाविषयी संशोधनास मोकळीक दिली. मात्र आत्मा देवच निर्माण करतो हे सत्य आपण धरून राहावे असे सांगितले. संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी २२ ऑक्टोबर १९९६ रोजी पोपपीठाच्या विज्ञान अकादमीला कळवले की, उत्क्रांती ही आता निव्वळ कल्पना म्हणता येणार नाही.

मुलांना हे कसे समजवावे? स्वयंपाकघरात न्या. तव्यावर भाकरी फुगते. का फुगली? एक उत्तर : आतल्या पाण्याची वाफ झाली, तिला जागा हवी होती. दुसरे उत्तर : तू भुकेला घरी येणार म्हणून आईने ती केली. दोन्ही उत्तरे खरी. पहिले कळले म्हणून दुसरे खोटे ठरत नाही आणि दुसरे ठाऊक आहे म्हणून पहिले शोधायचे नाही असेही नाही. वाफेचा अभ्यास कितीही केला तरी त्यात आईचे प्रेम सापडणार नाही. पण म्हणून प्रेम नव्हते असे कोणी म्हणेल काय? विज्ञान "कसे" ते सांगते. "कशासाठी" आणि "कोणामुळे" हे विश्वास सांगतो.

येथे आम्हांला एक कबुली द्यायची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही नवे धर्मगुरू असताना, धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने आम्हांला आदाम आणि डायनोसॉर यांविषयी विचारले होते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकून आलो होतो, उत्तर येत होते. पण दृढीकरणाची तयारी मागे पडली होती, घाई होती. "असले प्रश्न विचारून वर्गाचा वेळ घेऊ नकोस," असे आम्ही म्हणालो. मुले हसली. तो मुलगा पुन्हा काही विचारेनासा झाला आणि काही वर्षांनी चर्चलाही येईनासा झाला. त्याला विज्ञानाने देवापासून दूर नेले, असे आम्ही अनेक दिवस म्हणत होतो. ते खरे नव्हते. त्याचा प्रश्न आम्ही दारातून परत पाठवला होता.

५. देव म्हणजे पोकळीतले बूच नव्हे

याच्या उलट चूकही होते. विज्ञानाला जे अजून उलगडले नाही ते दाखवून "पाहा, येथे देव आहे" असे काही जण सांगतात. उद्या ते उलगडले की मुलाच्या मनातला देव तेवढा लहान होतो.

या बाबतीत बेल्जियमचे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र (१८९४-१९६६) यांच्याकडे पाहावे. ते धर्मगुरू होते आणि गणिती पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकही. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी १९२७ साली गणिताने मांडले आणि १९३१ साली विश्वाचा आरंभ एका आद्य अणूतून झाला असावा असे सुचवले. आज "बिग बँग" या नावाने मुले जे शिकतात, त्याचे मूळ येथे आहे. १९५१ साली पोपमहोदय बारावे पायस यांनी एका भाषणात हा सिद्धान्त निर्मितीच्या शिकवणीला जणू दुजोरा देतो असे सुचवले, तेव्हा फादर लमेत्र यांना आनंद झाला नाही, काळजी वाटली. वैज्ञानिक सिद्धान्त उद्या बदलू शकतो, त्यावर विश्वास टेकवू नये, असे त्यांचे मत होते. त्यांनी सावधगिरीचा सल्ला दिला आणि पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपमहोदयांनी तो मुद्दा काढला नाही. आपल्या शोधाचा धर्माच्या प्रचारासाठी उपयोग होत असतानाही सत्याची शिस्त सोडायची नाही, हा त्या धर्मगुरूंचा ख्रिस्ती धडा आहे.

६. प्रयोगवही आणि आठवी आज्ञा

मग विज्ञानाचा अभ्यास ख्रिस्ती कशाने होतो? आमच्या मते, तो सर्वांत अधिक प्रयोगवहीत होतो.

आपणां सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री मुले एकमेकांच्या वहीतले आकडे उतरवतात. उत्तर आधी ठाऊक असते, म्हणून निरीक्षणे मागून बनवली जातात. पालकही म्हणतात, "लिही पटकन, सगळेच करतात." जे मूल डोळ्यांनी पाहिले नाही ते पाहिले म्हणून लिहिते, ते कोणती आज्ञा मोडते? खोटी साक्ष देऊ नये, ही आठवी आज्ञा. त्या वहीच्या पहिल्या पानावर क्रूस काढला असला तरी ती वही ख्रिस्ती नाही.

ऑगस्टिनियन मठवासी ग्रेगर मेंडेल यांची गोष्ट मुलांना सांगा. शिक्षक होण्याच्या परीक्षेत ते नापास झाले. परंतु ब्रनो येथील मठाच्या बागेत त्यांनी १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची हजारो रोपे वाढवली आणि दाणे एकेक करून मोजले. एका प्रयोगात गोल दाणे ५४७४ व सुरकुतलेले १८५० भरले. भागाकार करा : २.९६. जवळजवळ तीनास एक. त्यांनी बरोबर ३ लिहिले नाही. जे मोजले ते लिहिले. १८६६ साली ते संशोधन छापले गेले, पण फारशी दखल कोणी घेतली नाही. १८८४ मध्ये ते निवर्तले. १९०० साली तीन शास्त्रज्ञांना स्वतंत्रपणे तोच नियम आढळला, तेव्हा जगाला या मठवाशाचे मोल कळले.

हे घरी करून पाहता येते. दोन नाणी एकदम उडवा. दोन्ही काटे पडले तर "सुरकुतलेला" लिहा, एरवी "गोल". चार वेळा उडवून काही कळणार नाही. चाळीस वेळा उडवा, मग चारशे वेळा. गुणोत्तर हळूहळू तीनास एकच्या जवळ सरकते. मूल गुणोत्तर शिकेल, संभाव्यता शिकेल आणि धीरही शिकेल.

७. घरच्या शाळेसाठी पाच सूचना

१. "मला ठाऊक नाही" असे म्हणायला लाजू नका. लगेच पुढे म्हणा, "चल, दोघे मिळून पाहू." सातवीपर्यंत शिकलेली आईसुद्धा असे म्हणू शकते.

२. आठवड्यातून एक संध्याकाळ मोजण्यासाठी ठेवा : पावसाचे पाणी, विहिरीची पातळी, भरतीची वेळ, विजेचे बिल. मोबाइल बाजूला ठेवा.

३. चुकलेल्या गणितावर मारू नका, ओरडू नका. चूक कोणत्या पायरीवर झाली ते मुलालाच शोधू द्या. आपली चूक शोधून मान्य करणे ही पापनिवेदनाचीही पहिली पायरी आहे.

४. देवाला मार्कांच्या सौद्यात ओढू नका. "प्रार्थना केलीस तर पास होशील" असे ऐकलेले मूल नापास झाल्यावर काय समजेल? प्रार्थना करावी ती अभ्यासाला बसण्याच्या बळासाठी व प्रामाणिकपणासाठी.

५. मुलीला व मुलाला सारखेच शिकवा. "तुला गणित कशाला हवं?" हे वाक्य आपल्या घरांतून हद्दपार व्हावे.

समारोप

त्या मातेने मुलीला शाळेतून काढले नाही. बहिणीचे पुस्तकही फेकले नाही; त्यातली वनस्पतींची चित्रे दोघी आवडीने पाहतात. पृथ्वीच्या धड्यावर मात्र दोघींनी मिळून उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचला आणि चौथ्या दिवसाचा सूर्य मुलीनेच शोधून आईला दाखवला.

मागच्या महिन्यात ती मुलगी आम्हांला तिची वही दाखवायला आली. सुट्टीतल्या भरतीच्या वेळा आजोबांसोबत बंदरावर जाऊन लिहिलेल्या. एका बाजूला पाऊणकीचा हिशेब, दुसऱ्या बाजूला अठ्ठेचाळिसाचा, मध्ये घड्याळातली वेळ. एका दिवसाची वेळ दोन्ही हिशेबांत बसत नव्हती. "ही चुकली का?" आम्ही विचारले. ती म्हणाली, "माहीत नाही, फादर. पण मी हीच पाहिली, म्हणून हीच लिहिली." तिने तो आकडा खोडला नव्हता. आम्हांला वाटते, घरची शाळा सुरू झाली आहे.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मुलाने विचारलेला कोणता प्रश्न आपण "झोप आता" म्हणून टाळला आहे? या आठवड्यात तो पुन्हा काढाल का?

२. उत्पत्ती १:१-१९ एकत्र वाचा. लेखक सूर्याविषयी काय सांगू इच्छितो?

३. शाळेत वा कामावर "सगळेच करतात" म्हणून आपण न पाहिलेले पाहिले असे कधी लिहिले आहे काय?

प्रार्थना

हे निर्मात्या पित्या, तू आम्हांला बुद्धी दिलीस आणि जग दिलेस. आमच्या मुलांना पाहण्याची दृष्टी, मोजण्याचा धीर आणि खरे तेच लिहिण्याचे धैर्य दे. त्यांच्या प्रश्नांना भिऊ नये असा विश्वास आम्हां पालकांना दे. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे आम्ही हे मागतो. आमेन.